शेला धुतला कुणी?

हिंदुराव भिंताड्यांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. त्यात त्यांचा काही दोष नाही, धंदाच तसा. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत. गोणीच्या तोंडाशी लाडवासारखे गरगरीत कांदे आणि तळाशी नुसता चिखल, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की गोणी दिसली की त्यांचा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत आत जायचा. ही सवय घरीही सुटली नव्हती. बायको मंडईतून पिशवी घेऊन आली की हे आधी पिशवीच्या बुडाशी हात घालणार.

"अहो, मीच आणलंय ते," दीपालीवहिनी म्हणायच्या. "मी मलाच फसवीन का?"

"काही सांगता येत नाही," भाऊ म्हणायचे.

भाऊ म्हणजे हेच हिंदुराव. यार्डात भाऊ, गल्लीत भाऊ आणि 'हादरा ढोल-ताशा पथका'त तर भाऊ म्हणजे शेवटचा शब्द. पथक त्यांनीच काढलेलं. ज्ञानदेव आप्पांच्या मंडळाच्या गणपतीपुढे विसर्जन मिरवणुकीत हादराच वाजणार, हे कित्येक वर्षं ठरलेलं. ती जागा म्हणजे भाऊंचा जीव. जागा गेली तर आपण नुसते कांदेवाले उरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हादराचे नियम दोन. ढोल कंबरेला बांधतात, त्याची दोरी काचू नये म्हणून खाली शेला गुंडाळतात. इतर पथकांत ज्याचा त्याचा शेला. हादरात सगळे शेले एका गोणीत. सरावाला यायचं, गोणीत हात घालायचा, मिळेल तो शेला बांधायचा, जाताना परत टाकायचा. इंजिनिअरचा शेला हमालाला, हमालाचा कॉलेजच्या पोराला. "एक पथक, एक घाम!" ही घोषणा भाऊंची स्वतःची. दुसरा नियम त्याहून कडक. सराव सुरू झाल्यापासून विसर्जन होईपर्यंत शेल्याला पाणी लावायचं नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी शेले धुतले आणि त्याच संध्याकाळी दोन ढोलांची पानं, म्हणजे वाजवायची कातडी, फाटली. तेव्हापासून धुतलेला शेला म्हणजे अपशकुन. जुलै संपेपर्यंत ती गोणी आधाराशिवाय उभी राहायला लागायची.

यंदा पावसाळ्यात, नदीपात्रातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव ऐन रंगात आला आणि चेतन खाजवायला लागला.

चेतन हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि हादरात ताशा वाजवतो, पहिल्या रांगेत. ताशावरचा हात अर्ध्यात सोडून त्यानं काडी कंबरेत खुपसली. भाऊंनी डोळे वटारले.

"सॉरी भाऊ. कंट्रोलच होत नाही."

आठवड्याभरात निम्मं पथक खाजवत होतं. कंबरेला, जांघेत, पोटावर लाल गोल चकंदळं. ढोल वाजवणारा एका हातानं टोल द्यायचा आणि दुसऱ्या हाताचं टिपरू भलतीकडेच. भाऊंनी डोकं चालवलं. त्यांचं डोकं नेहमी एकाच रस्त्यानं चालायचं.

"खाजकुइली," ते चेतनला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "आपल्या शेडमध्ये कुणीतरी खाजकुइली टाकतंय. आणि ते कुणीतरी म्हणजे तडाखा."

तडाखा पथकाची शेड नदीपात्रातच, थोडी वरच्या अंगाला. आप्पांच्या गणपतीपुढची जागा मिळावी म्हणून तडाखावाले वर्षानुवर्षं टपलेले.

"पण आत येऊन टाकणार कोण?" चेतननं विचारलं. "शेडला कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या गळ्यात."

"आतलंच माणूस." भाऊंनी हनुवटीनं दाखवलं.

समोर अपेक्षा ढोल ताणत होती. बँकेत नोकरीला, हात जड, ठेका पक्का. पण गेल्या वर्षापर्यंत तडाखात वाजवत होती.

"बघ तिच्याकडे. सगळे खाजवतायत. ही खाजवत नाही. का?"

"तिला खाज येत नसेल."

"तेच म्हणतोय मी! का येत नाही?"

चेतननं काडी पुन्हा कंबरेत खुपसली. तो खाजवत राहिला.

आता गंमत बघा. ज्या माणसाचा सख्ख्या बायकोच्या भाजीवर भरवसा नव्हता, त्यानं औषधाच्या बाबतीत काय करावं? कोपऱ्यावरच्या रामदासच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसती तक्रार सांगावी आणि तो देईल ते घ्यावं. डॉक्टरकडे भाऊ जात नसत. डॉक्टर तपासण्या करायला लावतात, म्हणजे त्यांचं साटंलोटं असणार. रामदास काहीच करायला लावत नाही, म्हणजे सरळ माणूस.

"एकच ट्यूब, सगळ्यावर चालते," रामदास म्हणाला. "खाज, पुरळ, गजकर्ण, चिरलं, कापलं. हिच्यात पाच औषधं आहेत."

"पाच?"

"पाच. कुठलं तरी लागू पडतंच."

हा हिशेब भाऊंना फार पटला. आणि ट्यूब खरंच लागू पडली. चोळली, की दोन दिवसांत खाज गार, लाली गायब. भाऊंनी अख्खं खोकं आणलं आणि शेल्यांच्या गोणीशेजारी ठेवून दिलं. सरावाआधी गणपतीची आरती, आरतीनंतर ट्यूब. रांगेत उभं राहून सगळे कंबरेला चोळायचे. एक पथक, एक ट्यूब.

भाऊंना स्वतःला खाज कमी होती. पण दाढी केल्यावर गालावर पुरळ उठायचं, म्हणून त्यांनी बोटभर गालालाही लावली. पुरळ तर गेलंच, वर गाल उजळले. गुळगुळीत, गुलाबी, एखाद्या जाहिरातीतल्या माणसासारखे. यार्डातला हमालसुद्धा म्हणाला, "भाऊ, काय लगीनबिगीन ठरलंय का?" झालं. भाऊ रोज लावायला लागले. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि मीटिंग असली तर मध्ये एकदा.

आता संशय घ्यायची पाळी वहिनींची.

"कुणासाठी चाललंय हे?"

"कशाचं काय?"

"पन्नाशी आली. इतकी वर्षं साबणसुद्धा मी हातात दिल्याशिवाय लावला नाहीत. आणि आता आरशापुढे पंधरा मिनिटं?"

"पुरळ आहे गं."

"पुरळ मला कुठे दिसत नाही. मला गुलाब दिसतोय."

भाऊंनी ट्यूब खिशात टाकली. ज्याला लोकांचा संशय घ्यायची सवय असते, त्याला स्वतःवर घेतलेला संशय कसा झेलायचा ते शिकवलेलंच नसतं.

ऑगस्ट लागला तसा ट्यूबचा प्रताप विचित्र व्हायला लागला. एक दिवस चुकली की खाज दामदुपटीनं परत. चकंदळांच्या कडा पुसल्या गेल्या, पण डाग पसरत पोटावरून पाठीवर गेले. चेतनच्या मांड्यांवर लाल-जांभळ्या रेघा उमटल्या, पोट ताणल्यावर बायकांना बाळंतपणानंतर दिसतात तशा. चेतन तर काडीसारखा. ढोलाची दोरी घासली की पोरांची कातडी कांद्याच्या सालीसारखी सोलून निघायची. आणि भाऊंचे गाल? उन्हात पाऊल टाकलं की मिरची चोळल्यासारखे भगभगायचे. त्यांवर पुटकुळ्या आल्या, बारीक लाल शिरांची जाळी दिसायला लागली आणि डोळ्यांखालपर्यंत मऊ लव उगवली. भाऊ आता दाढी करताना वस्तरा पार चष्म्यापर्यंत न्यायचे.

यातून माणसानं काय अर्थ काढावा? भाऊंनी काढला तो असा: खाजकुइलीचा डोस वाढवलाय. ते अपेक्षाच्या मागावर निघाले.

रविवारी सरावानंतर ती स्कूटरवरून निघाली, भाऊ आपल्या मोटरसायकलवरून मागे. स्वारगेटला सिग्नलला त्यांनी स्वतःला एका पीएमटी बसच्या आड लपवलं, सहकारनगरात नारळवाल्याच्या हातगाडीमागे. ती जिना चढून वर गेली. भाऊ बिल्डिंगखाली उभे राहिले, मान वर करून. थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती आली आणि तिनं दोरीवर काहीतरी झटकून वाळत घातलं.

शेला. हादराचा भगवा शेला. ठिबकत होता. एक थेंब भाऊंच्या गालावर पडला आणि गाल झोंबला.

दुसऱ्याच दिवशी पथकासमोर खटला. भाऊ बाकावर उभे राहिले.

"या मुलीनं शेला धुतला!"

कुणीतरी खाजवायचंसुद्धा थांबलं.

"हो, धुतला," अपेक्षा म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून धुतेय. मी एकच शेला घरी नेते, घरून आणते. तुमच्या गोणीत हात घालवत नाही मला. वास येतो."

"वास? तो पथकाचा घाम आहे!"

"हो ना. सगळ्यांचाच येतो."

"तडाखात हेच शिकवतात का?"

"तडाखात साबण वापरतात, भाऊ."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. भाऊंनी तिचं नाव तिथल्या तिथे कापलं. अपेक्षानं ढोल खाली ठेवला, स्वतःचा शेला घडी करून पर्समध्ये टाकला आणि जाताना एवढंच म्हणाली, "मी गेल्यावर खाज थांबली तर कळवा."

खाज थांबली नाही.

आणि मग चेतननं ती बातमी आणली. रामदासच्या दुकानात तडाखाची दोन पोरं दिसली. तीच ट्यूब घेताना.

भाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजेड खरा होता, फक्त चुकीच्या खोलीत पडला.

"म्हणजे रामदास फितूर! ट्यूबमध्येच खाजकुइली! आधी बरं करायचं, मग दुप्पट उठवायचं!"

"भाऊ, पण ती पोरंसुद्धा तीच घेत होती…"

"नाटक रे! सगळ्या ट्यूबा जमा करा. आजपासून कुणी लावायची नाही."

पोरांनी कुरकुरत ट्यूबा दिल्या. महिनाभर रोज चोळलेलं औषध एका झटक्यात बंद. आणि येत्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष ज्ञानदेव आप्पा पथक ऐकायला येणार होते. दरवर्षी येत, एक ठेका ऐकत, चहा पीत आणि मिरवणुकीची जागा पक्की करून जात.

रविवार उजाडला तो आगीचे लोळ घेऊन. एकेकाच्या कंबरेला नुसता निखारा. आप्पा आले, भर दमटपणात गळ्याला मफलर गुंडाळून. खुर्चीत बसले. भाऊंनी हात वर केला, ताशा कडाडला, ढोलांचा पहिला टोल पडला आणि दुसरा पडलाच नाही. सगळी रांगच्या रांग वाकून खाजवत होती. कुणी टिपरूनं, कुणी झांजेच्या कडेनं, एकानं तर शेजारच्याच्या ढोलाच्या कडीला पाठ घासायला घेतली. चेतन जमिनीवर बसला. ध्वज धरणाऱ्यानं ध्वजाच्या काठीनं पाठ खाजवली आणि ध्वज आप्पांच्या डोक्यावरून फिरला.

"आप्पा," भाऊ घाईघाईनं म्हणाले, "हा तडाखाचा घातपात आहे."

आप्पा उठले. त्यांनी हळूहळू मफलर सोडला. गळ्याभोवती, मफलरच्याच आकाराचा लालभडक पट्टा.

"सराव सुरू झाला तेव्हा सत्कार केलास माझा," आप्पा म्हणाले. "मानाचा शेला म्हणून गोणीतून काढून गळ्यात घातलास. तेव्हापासून झोप नाही मला. हिंदुराव, माझा तुझ्यावर संशय आहे."

संशय हा शब्द भाऊंनी आयुष्यभर इतरांसाठी राखून ठेवला होता.

"मिरवणुकीचं काय, आप्पा?"

"आधी हे काय आहे ते कळू दे. नाहीतर तडाखावाले आहेतच."

त्याच संध्याकाळी भाऊ, आप्पा, चेतन आणि वहिनी कातडीच्या डॉक्टरबाईंकडे. वहिनी आल्या त्या भाऊंनी तिथे खरं बोलावं म्हणून. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं, थोडी कातडी खरवडून तपासायला घेतली.

"काय लावत होतात?"

"काही नाही," भाऊ म्हणाले.

वहिनींनी भाऊंच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि पिळून चपटी झालेली ट्यूब टेबलावर ठेवली. जमा केलेल्या ट्यूबांतली एक भाऊंनी गालासाठी ठेवून घेतली होती.

डॉक्टरबाईंनी ट्यूब वाचली आणि उसासा सोडला. "हे गजकर्ण आहे. बुरशी. ओल्या, घामट कपड्यातून एकाचं दुसऱ्याला होतं. आणि या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड आहे. त्यानं खाज आणि लाली दबली, तुम्हाला वाटलं बरं झालं. बुरशी खाली निवांत वाढत राहिली."

भाऊ एकदम सरळ बसले. "म्हणजे तोंडाशी चांगला माल आणि तळाशी सगळं सडलेलं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. बोला आपण."

"बरोबर बोललात, म्हणून विचारलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्टिरॉइड वाईट नसतं. योग्य आजाराला, योग्य जागी, थोडे दिवस, आम्ही सांगू तसं लावलं तर फार कामाचं. तुम्ही बुरशीवर लावलंत, महिनाभर लावलंत. त्यानं कातडी पातळ होते." त्या चेतनकडे वळल्या. "या रेघा फिक्या होतील. पूर्ण जाणार नाहीत."

चेतननं मांडीवर हात ठेवला. ट्यूब त्याच्या हातात पहिल्यांदा दिली ती भाऊंनीच. भाऊंनी खिडकीकडे पाहिलं.

"आणि आपण चेहऱ्यावर कशाला लावलीत?"

"पुरळ…"

"गोरं व्हायला," वहिनी म्हणाल्या.

"आता चेहऱ्याची मी सांगेन तशी हळूहळू बंद करायची. आधी बिघडेल, मग सुधारेल, काही महिने लागतील. उन्हात जायचं नाही, तोंड झाकायचं. बाकी सगळ्यांना गोळ्या आणि मलम, मी लिहून देईन तेवढे आठवडे, खाज थांबली तरी मध्येच सोडायचं नाही. कपडे गरम पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, आणि कुणी कुणाचं वापरायचं नाही."

भाऊंनी डोळे बारीक केले. "डॉक्टर, आपण पूर्वी कुठल्या पथकात होतात?"

"मला ढोलाचा आवाज सहन होत नाही."

"तडाखाचं वादन ऐकलेली माणसं असंच म्हणतात," भाऊ पुटपुटले, पण जोर नव्हता.

बाहेर येता येता चेतननं अपेक्षाचं सगळं सांगितलं, तेव्हा आप्पांनी अट घातली. मिरवणुकीपर्यंत एकही वादक खाजवताना दिसला नाही तरच हादरा. "आणि शेल्यांचं खातं त्या पोरीकडे. अख्ख्या पथकात एकटीचं डोकं जाग्यावर आहे."

भाऊ तडक शेडवर गेले. गोणीसमोर उभे राहिले. आयुष्यात हजारो गोण्यांच्या तळाशी हात घातला होता, हिच्या कधी घातला नव्हता. घातला, खांद्यापर्यंत. तळाशी बोटांना काहीतरी मऊ, ओलं, लवदार लागलं. बाहेर काढलं तर शेलाच, पण भगव्याचा हिरवा झालेला, आणि त्यावर अळंबीची छोटी पांढरी छत्री उगवलेली. भाऊंनी तो शेला परत आत टाकला.

गोणी खांद्यावर मारून ते सहकारनगरात गेले. दार अपेक्षाच्या आईनं, सुंदराबाईंनी, उघडलं.

"त्या दिवशी खाली उभं राहून गॅलरीत बघत होते ते तुम्हीच का? मी पोलिसांना फोन करणार होते."

"मीच. अपेक्षा आहे?"

अपेक्षा आतून आली. तिनं भाऊंचा चेहरा पाहिला, मग गोणी पाहिली आणि नाकाला ओढणी लावली.

"भाऊ, खाज थांबली का?"

"नाही," भाऊ म्हणाले. मग जिभेला सवय नसलेली वाक्यं त्यांनी एकेक करून बाहेर काढली. "खाजकुइली तू टाकली नव्हतीस. चूक माझी. धुतात कसे, ते सांग."

"गोणी आत आणू नका. ही जाळायची. नवीन शेले, ज्याचं नाव त्याच्या शेल्यावर. चालेल?"

"'एक पथक, एक घाम'चं काय?"

"घाम ज्याचा त्याचा, भाऊ."

विसर्जनापर्यंत पोरांनी गोळ्या गिळल्या, शेले धुतले, आणि एकाही ढोलाचं पान फाटलं नाही. भाऊ रोज पानं तपासायचे. थोडी निराशाच झाली त्यांची.

अनंत चतुर्दशीला मंडईजवळ हादरा सज्ज होतं. पथकाभोवती दोर धरून मुलं उभी, आत फक्त वादक. दोराचं तोंड अपेक्षाच्या ताब्यात. एवढ्यात एक आकृती आत घुसायला लागली. फुलाफुलांचा स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, काळा गॉगल, पूर्ण बाह्यांचा कुर्ता, हातमोजे. वरून पुणेरी स्कूटरवाली मुलगी, खालून ढेरी.

"ओ, कोण तुम्ही?" अपेक्षानं दोर ताणला.

"मी हिंदुराव."

"तोंड दाखवा."

"डॉक्टरांनी उन्हात सांगितलंय ना झाकायला!"

"असं कुणीही सांगेल. तडाखाचे लोक फिरतायत इथे." आसपासची पोरं दोर घट्ट धरून जवळ सरकली.

आकृतीनं स्कार्फ जरासा खाली ओढला. आतून लालभडक, पुटकुळ्यांचा, लव आलेला गाल दिसला. एक पोरगा मागे सरकला. "हे आमचे भाऊ नाहीत. आमचे भाऊ गुलाबी होते."

समोर आप्पा घड्याळ बघत होते. ताशा तापवून तयार होता, चेतन भाऊंच्या इशाऱ्याची वाट बघत होता, आणि भाऊ दोराच्या बाहेर. घाम फुटला त्यांना, स्कार्फखाली गाल पेटला. अपेक्षानं पिशवीतून भाऊंच्या नावाचा शेला काढून पुढे केला.

"हा घ्या, बांधा बघू."

भाऊंनी शेला हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. नाकाशी नेला. गॉगल कपाळावर चढवून शिवण तपासली, आणि मग अपेक्षाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हा धुतलेला आहे कशावरून?"

अपेक्षानं दोर खाली टाकला. "सोडा रे आत. भाऊच आहेत."